सोलापूरचा डॉक्टर, चिनी भाषेचा विद्यार्थी

मोबाइलवर अ‍ॅप टाकून कधी जर्मन किंवा जपानी शिकायला घेतलंय? पहिले आठ दिवस मजा येते. मग सबमिशन येतं, प्रॅक्टिकल येतं, घरात कुणाचं तरी लग्न निघतं आणि अ‍ॅप तसंच पडून राहतं. परदेशी भाषा काही आपल्याला जमायची नाही, असं आपण ठरवूनही टाकतो. थांबा. त्याआधी आपल्याच सोलापूरच्या एका मुलाची गोष्ट वाचा.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. जखमींवर उपचार करायला तिथे डॉक्टर फार कमी होते. भारतातून मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. १ सप्टेंबर १९३८ ला ते मुंबईहून बोटीने निघालं. द्वारकानाथ तेव्हा २७ वर्षांचे होते.

आता त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर जखमी सैनिक आहे. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, हे तो सांगतोय आणि तुम्हाला ओ की ठो कळत नाहीये. दुभाषा प्रत्येक खाटेजवळ, रात्री-अपरात्री कुठून मिळणार? शिवाय चिनी भाषा म्हणजे कानाची परीक्षाच. ‘मा’ हा एकच उच्चार सूर बदलला की आई होतो, घोडा होतो, ताग होतो, नाहीतर रागावणंही होतो! लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही; एकेक चिन्ह डोळ्यांत आणि हातात बसवावं लागतं.

द्वारकानाथांनी हे सगळं शिकून घेतलं. तेही निवांत वर्गात बसून नाही. १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं, पुढे ते उत्तर चीनमधल्या लढाईच्या भागात गेले. दिवसभर रुग्ण, ऑपरेशनं, डोंगरातून पायपीट. या धावपळीतच त्यांचं चिनी शिकणं चालू राहिलं. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. तरी ते परतले नाहीत.

अशा शिकण्यात गंमतही असते बरं का! चिनीत ‘श्युए’ म्हणजे रक्त आणि ‘या’ म्हणजे दाब. दोन्ही जोडा, झाला रक्तदाब. अगदी आपल्या मराठीसारखा! असा एखादा शब्द उलगडला की पुढचा शोधावासा वाटतो. आणि शिकलेला शब्द संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी उपयोगी पडला, तर तो विसरणार कसा? द्वारकानाथांच्या भाषेला तर रोजच काम होतं.

त्यांची मजल कुठवर गेली, ते पाहा. ते चिनी बोलू लागले, लिहू लागले. १९४१ च्या सुरुवातीला बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्या वैद्यकीय शाळेतल्या मुलांना चिनीतूनच शिकवू लागले. ज्या भाषेत काल आपण चाचपडत होतो, त्याच भाषेत आज वर्ग घ्यायचा! मग शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तकही त्यांनी चिनीत लिहायला घेतलं. लोकांनी त्यांना नाव दिलं होतं के दिहुआ. त्यातल्या ‘हुआ’चा अर्थ चीन.

१९४१ मध्येच परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

एव्हाना अपस्माराच्या झटक्यांनी त्यांची तब्येत ढासळली होती. तरी काम आणि लिखाण चालूच होतं. ९ डिसेंबर १९४२ ला त्यांचं निधन झालं. वय अवघं ३२, मुलगा साडेतीन महिन्यांचा, आणि पाठ्यपुस्तक अर्धवट. पथकातले बाकीचे चौघे मायदेशी परतले, द्वारकानाथ मात्र तिकडचेच झाले.

मुंबईहून निघाल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत जेमतेम सव्वाचार वर्षं. आपल्या डिग्रीला लागतात साधारण तेवढीच!

सोलापुरात तर चहाच्या एका टपरीवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू कानावर पडते. परक्या बोलीची भीती आपल्याला का असावी? पुढच्या वेळी भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीस स्मारकात जरूर डोकावा. घरी आल्यावर ते सोडून दिलेलं अ‍ॅप उघडा. आणि आज शिकलेलं एक वाक्य कुणाशी तरी बोलून टाका. चुकलं तर चुकलं!