रॉबर्ट मायर
रॉबर्ट मायर यांचा जन्म जर्मनीतील हाइलब्रॉन येथे १८१४ साली झाला. १८४० मध्ये जहाजावरील वैद्य म्हणून ते जावा बेटावर गेले असता, खलाशांच्या नीलेतील रक्त त्यांना नेहमीपेक्षा लालभडक आढळले. उष्ण प्रदेशात देह उबदार राखण्यास अन्नाचे ज्वलन कमी लागते, म्हणून रक्तात प्राणवायू शिल्लक राहतो, असे त्यांनी ताडले. देहातील उष्णता व श्रम यांचा उगम एकच. तेव्हा ती परस्परांत रूपांतरित होतात. कारणाहून कार्य अधिक नसते, म्हणून शून्यातून शक्ती उपजत नाही, हा सिद्धांत त्यांनी १८४२ मध्ये मांडला. विद्वानांनी तो उपेक्षिला. या उपेक्षेने व अपत्यवियोगाने खचून १८५० मध्ये त्यांनी खिडकीतून उडी घेतली; पुढे मनोरुग्णालयवासही भोगला. रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक त्यांना १८७१ मध्ये लाभले. १८७८ मध्ये ते निवर्तले.