फेलिक्स ब्लॉख : चुंबकातल्या लाटा

कर्जतहून नगरला तुम्ही कधी कुणाला एमआरआयसाठी नेलं असेल. त्या यंत्रामागे फेलिक्स ब्लॉख यांचं काम आहे, हे वर्गात जरूर सांगा.

जन्म १९०५ चा, झुरिकचा. इंजिनिअरिंगला गेलेला हा मुलगा वर्षभरातच भौतिकशास्त्राकडे वळला (पालकांनो, ऐकताय ना?). लाइपझिगला हायझेनबर्ग यांचे ते पहिले पीएच.डी. विद्यार्थी. पुढे पाउलींनी त्यांना अतिवाहकतेचं कोडं घातलं : काही पदार्थ अतिथंड केले की त्यांचा विद्युतरोध शून्य होतो, तो का? ब्लॉख खूप झटले, पण जमलं नाही.

१९३० मध्ये मात्र त्यांनी चुंबकातल्या लाटा मांडल्या. प्रार्थनेची रांग आठवा. एक मुलगा कलला की शेजारचा कलतो, नि ते कलणं रांगभर सरकतं. चुंबकातल्या अणूंचंही तसंच. हीच स्पिन लाट.

ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. पुढे स्टॅनफर्ड. १९४६ मध्ये अणुकेंद्राचा चुंबकीय अनुनाद, १९५२ मध्ये पर्सेल यांच्यासह नोबेल. एमआरआय त्यातूनच आला. गंमत बघा, त्यातलं चुंबक बहुधा अतिवाहक तारेचंच असतं!

१९८३ मध्ये ते झुरिकलाच वारले. तीनच वर्षांनी, त्याच शहराजवळ, बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये जास्त तापमानाची अतिवाहकता सापडली. या ऑक्साइडच्या मूळ रूपात शेजारचे तांब्याचे अणू उलटसुलट तोंडं करून असतात. मिश्रण बदलून ते अतिवाहक केलं, तरी त्यातल्या स्पिन लाटा पुरत्या विझत नाहीत. अतिवाहकता त्यांच्यामुळेच येते का, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.