नटश्रेष्ठ सॉलोमन मिखोएल्स

यिद्दिश ही पूर्व युरोपांतील यहुदी लोकांची बोली. ती जर्मन भाषेपासून निघाली असून हिब्रू लिपींत लिहिली जाते. तिच्या रंगभूमीवरील थोर नटांत सॉलोमन मिखोएल्स यांची गणना होते.

त्यांचा जन्म १८९० सालीं रशियन साम्राज्यांतील द्विन्स्क येथें झाला. पेत्रोग्राद येथें कायद्याचा अभ्यास चालू होता. परंतु नाट्याची ओढ अनावर होऊन, तिशीच्या उंबरठ्यावर असतां त्यांनीं ग्रॅनोव्स्की यांच्या यहुदी नाट्यशाळेंत प्रवेश केला. ही संस्था १९२० सालीं मॉस्कोस गेली.

मूर्ति ठेंगणी, रूप बेताचें. तथापि डोळ्यांच्या आणि हातांच्या हालचालींनीं ते प्रेक्षकांस मोहून टाकीत. १९२५ सालच्या ‘यहुदी नशीब’ ह्या मूकपटांत त्यांनीं भाबड्या मेनाखेम मेंडेलची भूमिका केली. १९२९ सालीं नाट्यगृहाची धुरा त्यांजकडे आली. १९३५ सालीं त्यांनीं शेक्सपिअरचा लिअर राजा उभा केला व त्यांची कीर्ति देशोदेशीं पसरली. विदूषकाची भूमिका त्यांचे स्नेही झुस्किन यांची होती. स्तुतीस भुलून सत्य उशिरां ओळखणारा राजा त्यांनीं दाखविला, तोही स्तुतिप्रिय स्टालिनच्या राजधानींत!

१९४२ सालीं ते यहुदी फॅसिस्टविरोधी समितीचे अध्यक्ष झाले. पुढील वर्षीं अमेरिकेंत जाऊन त्यांनीं रशियाच्या युद्धकार्यास साहाय्य मिळविलें. परंतु युद्ध संपतांच ही लोकप्रियता सत्ताधीशांस सलूं लागली. जानेवारी १९४८ मध्यें मिन्स्क येथें त्यांचा गुप्तपणें वध करण्यांत आला. मोटारीचा अपघात झाला, असें सरकारनें जाहीर केलें आणि मोठ्या सन्मानानें अंत्यविधि केला! १९४९ सालीं नाट्यगृह बंद झालें. १९५२ सालीं झुस्किन यांसही गोळी घालण्यांत आली. हा वध स्टालिनच्या आज्ञेनें झाला, हें १९५३ सालच्या चौकशींत निष्पन्न झालें. परंतु लोकांस तें कळण्यास अनेक वर्षें लागलीं.

१९३६ सालच्या ‘सर्कस’ चित्रपटांत एका कृष्णवर्णीय बालकास निरनिराळ्या भाषांतून अंगाई ऐकवितात. तींत मिखोएल्स यांचें यिद्दिश कडवें होतें. त्यांच्या मृत्यूनंतर तें कापून टाकण्यांत आलें. पुढें काळ पालटला आणि तें कडवें पुन्हां जोडण्यांत आलें. आज तें मूल त्या कडव्यासह अंगाई ऐकतें.