कै. सौजन्यमूर्ती रमाबाई रानडे

कै. रमाबाईंचा जन्म सन १८६२ मध्ये देवराष्ट्रे येथे झाला. सन १८७३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला व घरच्यांचा विरोध सोसून त्यांनी पतीपाशी विद्या संपादन केली. सन १९०१ मध्ये वैधव्य आल्यावर त्यांनी उर्वरित आयुष्य स्त्रियांच्या सेवेस वाहिले, आणि सन १९०९ मध्ये श्री. गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यास सेवासदन उभे राहिले.

त्या काळी बाळंतिणीची खोली विटाळाची मानीत. सुईण परंपरेने काम करी. तिला ना शास्त्रीय शिक्षण, ना मान. अशा कामाला आपली विधवा लेकसून पाठविणे पांढरपेशा घरांना अपमानास्पद वाटे. रमाबाईंनी हा समज मोडण्याचे व्रत घेतले. सदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्या व सूतिकाकर्म शिकू लागल्या. निराधार स्त्रीला स्वकष्टाची भाकरी आणि बाळंतिणीला जाणता हात मिळाला. सन १९२४ मध्ये रमाबाई निवर्तल्या.

आज आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही आशा सेविका गरोदर स्त्रियांच्या दारी जातात. ज्ञातीतील मुलींनी या शिक्षणाकडे वळावे, आणि वडीलधाऱ्यांनी ते हलके मानून आड येऊ नये, एवढीच आमची सभासद कुटुंबांना विनंती आहे.