डाळीतली ताकद शोधणारी कमला

मैत्रिणींनो, घरात कुणी अर्धांगवायूने किंवा खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलं, की त्याची सेवा बहुतेक वेळा आपल्याच वाट्याला येते. बारामती असो की इंदापूर, चित्र सारखंच. महिनाभरात माकडहाडावर, टाचेवर लाल डाग दिसतो आणि बघता बघता त्याची जखम होते. यालाच डॉक्टर बेडसोअर म्हणतात. आपण मलमपट्टी करतो, पण ताटात काय वाढतो? पेज, चहा-बिस्कीट, साबुदाणा. डाळ आणि अंडं मात्र बंद, कारण म्हणे त्याने जखम चिघळते! ही समजूत किती महागात पडते, हे समजून घ्यायचं तर एका मराठी शास्त्रज्ञ बाईची ओळख करून घ्यायला हवी. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. तेव्हा मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पास झाल्यावर १९३३ साली कमलाबाईंनीही तिथेच अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला, कारण एकच. अर्जदार मुलगी होती!

दुसरी एखादी रडून घरी बसली असती. कमलाबाईंनी गांधीजींच्या मार्गाने जाऊन दाद मागितली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, तर परीक्षेवर काढायचं. मुलांचं लक्ष विचलित होईल असं वागायचं नाही. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत, पण उत्तर दिलं ते कामानेच. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ साली एम.एस्सी. झाल्या. पुढे संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

नंतर त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्याच्या पेशींतलं सायटोक्रोम सी हे द्रव्य त्यांनी शोधलं आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. परदेशात राहता आलं असतं, पण त्या परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत नीरेवर काम करून ती कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना कशी उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचं कामही त्यांनी केलं. कच्च्या कडधान्यांत प्रथिनं पचू न देणारे काही घटक असतात. त्यांचा अभ्यास कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला. हे घटक उष्णतेने बरेचसे निकामी होतात. म्हणजे कडधान्य भिजवून मऊ शिजवण्याची आपल्या आजीची रीत किती शास्त्रशुद्ध होती बघा!

बेडसोअरवर कमलाबाईंनी काम केलं नव्हतं. पण त्यांनी आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला, त्या प्रथिनांपासूनच जखमेत नवं मांस, नवी कातडी तयार होते. जखमेतून पाणी वाहतं, त्यातूनही प्रथिनं जातात. म्हणून अशा रुग्णाला एरवीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८ आणि १०० ग्रॅम कच्च्या डाळीत २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात. चहा-बिस्किटाने हा हिशोब कसा जमायचा?

आपल्याकडे दूधदुभतं आहे, भिगवणची मासळी आहे. मऊ वरण, मुगाची खिचडी, दही, शेंगदाण्याचं कूट, चालत असेल तर अंडं नाहीतर मासा, असं थोडं थोडं पाच-सहा वेळा द्यावं. भाकरी-भातही पोटभर हवा, नाहीतर शरीर प्रथिनंच जाळून टाकतं. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा. आणि नुसत्या खाण्याने जखम भरत नाही हो! साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, जागा कोरडी ठेवणं आणि वेळेवर डॉक्टरांना दाखवणं हवंच.

उतारवयातही कमलाबाई थांबल्या नाहीत. ग्राहक चळवळीत उतरून अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची, हे त्यांनी बायकांना शिकवलं. १९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार होत असताना त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचं निधन झालं.

आज वरणाची वाटी रुग्णाच्या तोंडाशी नेताना या बाईची आठवण जरूर ठेवा. डाळीतली ही ताकद समजून घेण्यासाठी तिला आधी बंद दारावर धडका द्याव्या लागल्या होत्या.