केटी आणि अण्णा कर्वे

मागच्या सेमिस्टरला माझी एम-थ्रीला केटी लागली. दोन दिवस मी मेसला गेलो नाही. पेपर तपासणाऱ्यापासून रूम पार्टनरच्या मोबाईलपर्यंत सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. तिसऱ्या दिवशी वेळ घालवायला लायब्ररीतून धोंडो केशव कर्व्यांचं चरित्र आणलं. तेही गणिताचेच प्राध्यापक, एवढंच कारण!

सतराव्या वर्षी परीक्षेला बसायचं म्हणून हा मुलगा कोकणातल्या मुरूडहून सह्याद्री ओलांडून भर पावसात साताऱ्याला पायी गेला. तिथे काय झालं? सतरा वर्षांचा दिसत नाहीस म्हणून परत पाठवलं. वयाचा दाखला असूनही! मी असतो तर तिथेच शिक्षण सोडलं असतं. कर्वे घरी परतले आणि पुढे कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा पास झाले.

खरी परीक्षा नंतर आली. १८९१ साली पहिली पत्नी वारली. त्याच वर्षी ते फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. मुरूडकरांनी बहिष्कार घातला, कर्व्यांना घरात घेतलं तर आई-भावांनाही वाळीत टाकू म्हणून बजावलं. आपल्यामुळे आईला त्रास, हे दुःख साधं नव्हे. पण ना गावाशी भांडण, ना पुनर्विवाहाचा पश्चात्ताप. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली हिंगण्याला झोपडी उभी राहिली. कॉलेजात शिकवायचं आणि मग चिखल तुडवत हिंगण्याला जायचं, असा त्यांचा क्रम होता. स्वभाव भिडस्त, भाषणाची छाप नाही, तरी वर्गणीसाठी दारोदार फिरले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये ते गेले, तोवर राहणी तशीच साधी.

मला वाटायचं, स्थिर माणूस म्हणजे ज्याला काही लागतच नाही असा. अण्णांना लागत होतं. फक्त कोणी किती दुखावलं याचा हिशेब मांडत ते बसले नाहीत, पुढचं काम हातात घेतलं.

मित्रांनो, हे वाचून मी काही महर्षी झालो नाही. तिसऱ्या दिवशी रात्री मेसला जेवलो, पार्टनरला सॉरी म्हणालो आणि केटीचा फॉर्म भरला. पेपर अजून व्हायचा आहे.