ब्राइट यांचा चमचा

सुजलेले पाय, फुगलेला चेहरा आणि पोटात पाणी झालेले रुग्ण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रुग्णालयांत नेहमी दिसत. सूज कशाने येते, याचा मात्र उलगडा होत नव्हता. तो गाइज हॉस्पिटलचे डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी केला.

ब्राइट यांचा जन्म १७८९ मध्ये ब्रिस्टॉलच्या सधन व्यापारी घरात झाला. एडिंबरोत वैद्यक शिकताना ते आइसलँडला जाऊन आले. पुढे हंगेरीतल्या प्रवासावर त्यांनी स्वतःच्या रेखाचित्रांसह पुस्तक लिहिले. नीट पाहायचे आणि पाहिलेले टिपून ठेवायचे, ही सवय त्यांनी रुग्णालयातही सोडली नाही.

सूज असलेल्या रुग्णाची लघवी ते चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. अंड्यातला पांढरा भाग शिजावा तसा काहींच्या लघवीत साका जमे. तो अल्ब्युमिन या प्रथिनाचा असे. असा रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात मूत्रपिंडे खराब झालेली आढळत. ही सांगड त्यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केली. १८३६ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: अशा अनेक रुग्णांचे हृदयही वाढलेले असते. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलताना हृदयाला जास्त जोर लावावा लागत असावा, असा त्यांचा तर्क होता. रक्तदाब मोजण्याचे साधन दवाखान्यात नसतानाच्या काळातला हा तर्क! ब्राइट १८५८ मध्ये हृदयाच्या झडपेच्या विकाराने वारले.

पुढचा धागा त्याच रुग्णालयात फ्रेडरिक अकबर महोमेद यांनी पकडला. पाटण्यात जन्मलेल्या साके दीन महोमेद यांचे हे नातू. नाडीचा आलेख काढून त्यांनी दाखवले, की लघवीत अल्ब्युमिन येण्याआधीही रक्तदाब वाढलेला असू शकतो. १८८४ मध्ये, अवघ्या पस्तिशीत, विषमज्वराने त्यांचा मृत्यू झाला.

चमच्यात साका दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असे. आजच्या तपासणीत अल्ब्युमिन फार आधी सापडते. उच्च रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या वर आले, तर चाचणी पुन्हा करून खात्री करावी. ताप किंवा जोरदार व्यायामानेही ते तात्पुरते वाढते. मूत्रपिंड बिघडताना सहसा दुखत नाही. म्हणून सुजेची वाट पाहू नये, रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत आणि वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.